धर्मा तांडेल, मुक्काम इंदोरा

जायच्या आदल्या दिवशी कवडूजी गजभिये नेहमीसारखेच मनीषनगरातल्या एका फ्लॅटच्या मागच्या खोलीत बसून लोकांना समुद्र दाखवत होते. खोलीच्या चारही भिंतींना कापसाच्या गाद्या उभ्या बांधल्या होत्या, खिडकीला पोतं ठोकलं होतं आणि कूलर बंद होता. कूलर चालू ठेवला की समुद्रातून खडखड ऐकू येई. बाहेर वैशाखातलं नागपूर भाजून निघत होतं. कवडूजींच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि ते माइकपुढे म्हणत होते, "काय गार वारा सुटलाय बघा. खारा वारा. अंगावर घ्या."

"काका, अंगावर घ्या म्हणताना जरा थंडी वाजल्यासारखं करा ना," काचेपलीकडून साउंडवाला पियुष म्हणाला.

"बाप्पा, इथं जीव उकडून राहिला आन् तू थंडी मागतं. पहिले एक गिलास पाणी दे गा."

पाणी पिऊन त्यांनी पुन्हा वारा सोडला आणि या वेळी पियुषलाच शहारा आला.

या खोलीचं नाव स्टुडिओ, फ्लॅटचं नाव ऑफिस, आणि दोन्ही मिळून जी कंपनी होती तिचं नाव 'गावकान'. मालक स्वानंद, वयाने तरुण, दाढीने प्रौढ. कंपनीचं काम असं, की गावात खांब रोवायचे, खांबावर काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा कोड चिकटवायचा आणि पर्यटकाने त्यावर मोबाइल धरला की गावाने बोलू लागायचं. देऊळ, विहीर, पार, जे असेल ते आपली कहाणी आपण सांगणार. विदर्भातले दोन-तीन किल्ले आणि एक बंद पडलेली गिरणी बोलती करून झाल्यावर 'गावकान'ला कोकणातल्या सावरवेळ नावाच्या कोळीवाडीचं काम मिळालं. नागपूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र काही लवकर येत नाही. पण निविदेत समुद्र पाहिलेला असण्याची अट नव्हती आणि दर सर्वांत कमी होता.

स्वानंद एकदा जाऊन आला. सकाळी पोचला, बूट घालून वाळूवर हिंडला, भरपूर फोटो काढले, पापलेट खाल्लं आणि परतला. त्या फोटोंवरून खांबांच्या जागा ठरल्या आणि त्या फोटोंवरूनच उन्नतीने संहिता लिहिली. उन्नती ही कवडूजींची एकुलती एक मुलगी, चाळिशीची, आई गेल्यापासून बापासोबत नागपुरातच, इंदोऱ्याला राहणारी. तिने पुस्तकं पुष्कळ वाचली होती, त्यामुळे न पाहिलेल्या गोष्टींबद्दल लिहिणं तिला जड जात नसे. लाटांचा आवाज पियुषने मागच्या पावसाळ्यात अंबाझरी तलावाच्या सांडव्यावर जाऊन धरला होता. त्यात एके ठिकाणी भुट्टेवाल्याची हाक आली होती. ती कापूनही जी थोडी उरली, ती हिमानी मॅडमना कोळ्यांची आरोळी वाटली. हिमानी मॅडम म्हणजे मुंबईच्या सल्लागार, ज्यांच्या हातून हे काम आलं होतं. त्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहत, पण ऑफिसच्या खिडक्या बंद असत.

अडलं एका अटीवर. निवेदक हा त्या गावचाच ज्येष्ठ रहिवासी हवा, असं करारात लिहिलं होतं. स्वानंदने ते वाक्य दोन-तीनदा वाचलं आणि म्हणाला, "लोकल म्हणजे शेवटी काय यार? फीलिंग लोकल पाहिजे."

तेव्हा उन्नती म्हणाली होती, "माझ्या ओळखीचे एक काका आहेत."

कवडूजींची सगळी नोकरी एसटी स्टँडवर, उद्घोषणेच्या खिडकीत गेली होती. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणत्या मार्गे जाणार, हे ते सांगत. घरी ते अस्सल नागपुरी बोलत. भोंग्यात बोलू लागले की त्यांची मराठी इस्त्री करून बाहेर येई. आवाज असा, की लग्नाला निघालेला माणूस अर्धा चहा टाकून उठायचा. गडबडीतल्या लोकांना एकदा सांगून ऐकू येत नाही म्हणून ते प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत, आणि ती सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. भाजीत मीठ कमी असलं तरी घरात दोनदा कळे.

ओळखीचे काका, एवढंच उन्नती म्हणाली, कारण ऑफिसच्या दारावर नियम लावलेला होता: कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना काम दिलं जाणार नाही. हा नियम स्वानंदच्या बायकोने, मयुराने, स्वतः टाइप केला होता. मयुरा कंपनीची माणसं बघे, तिचा भाऊ हिशोब बघे. आडनावावरून कुणाला कळलं असतं, पण त्या ऑफिसात आडनावं कुणी वापरतच नसे. कवडूजी पहिल्या दिवसापासून 'तांडेल काका' झाले, कारण संहितेतल्या म्हाताऱ्या कोळ्याचं नाव उन्नतीने धर्मा तांडेल ठेवलं होतं.

कवडूजींना या प्रकाराची भारी मौज वाटे. मेट्रोत बापलेक शेजारी बसत. उज्ज्वलनगरला उतरलं की ते टपरीवर चहाला थांबत आणि उन्नतीला पुढे जाऊ देत. मग थोड्या वेळाने ऑफिसात येऊन म्हणत, "नमस्कार मॅडम. आज कोणता समुद्र?"

उन्नती मान खाली घालून म्हणे, "या काका. बसा."

त्या दिवशी जेवताना पियुषने काकांच्या डब्यात डोकावून पाहिलं. "वांगं. मॅडमच्या डब्यात पण वांगंच आहे. मसाला पण सेम दिसून राहिला."

"सध्या नागपुरात वांगे सस्ते हायेत गा," कवडूजी म्हणाले. "अख्खं शहर वांगे खाऊन राहिलं. तू आपलं पनीर खाय."

जेवणानंतर काळ्या खडकाचा थांबा ध्वनिमुद्रित झाला. वाळूच्या पुढे, पाण्याच्या कडेला एक मोठा काळा खडक होता. त्याच्या आडोशाला जुने कोळी जाळी वाळवत, असं उन्नतीने कुठेतरी वाचलं होतं. कवडूजींनी कागद डोळ्यांपासून लांब धरला आणि म्हटलं, "समोर काळा खडक दिसतोय? घाबरू नका. वाळूतून सरळ चालत या. मी इथंच उभा आहे." आणि सवयीने पुन्हा, "घाबरू नका. वाळूतून सरळ चालत या. मी इथंच उभा आहे."

पियुष दुसरं कापायला निघाला तेव्हा दारात उभा असलेला स्वानंद म्हणाला, "राहू दे. दोन्ही राहू दे. काय भरोसा वाटून राहिला यार. मी तर इथूनच चालू लागलो असतो."

संध्याकाळी घरी, अंगणात पाणी मारून खुर्च्या टाकल्यावर कवडूजींनी विचारलं, "कसं बोललो वं आज?"

"खडकाच्या आधी जरा थांबायला हवं होतं," उन्नती म्हणाली. तिला खरं तर आणखी काही म्हणायचं होतं, पण चुका सांगायची तिला नोकरीमुळे सवय होती आणि बाकीचं सांगायची नव्हती.

"उद्या थांबतो."

"बाबा, एकदा जाऊन यायचं का तिकडे? समुद्र पाहायला?"

"काहून? सिरोंचा कुठं पाह्यलं मी? अहेरी कुठं पाह्यली? जनम गेला गाड्या सोडण्यात." त्यांनी पाय खुर्चीवर घेतले. "पण एक सांगतो तुले. माह्या सांगण्यावरून एक बी माणूस चुकीच्या गाडीत नाही बसला. एक बी नाही. ज्याले सिरोंचाले जायचं तो सिरोंचालेच गेला."

"आणि झोपून राहून पुढे गेला तर?"

"तो त्याचा सवाल आहे. फलाट बरोबर होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्नती चहा घेऊन अंगणात आली तेव्हा ते त्याच खुर्चीत बसले होते. तिने कप बाजूला ठेवला आणि त्यांना हाक मारली. मग आणखी मारली. पलीकडचे डॉक्टर बनियनवरच धावत आले आणि नाडी पाहून त्यांनी हात हळूच खाली ठेवला, त्यावरून सगळ्यांना कळलं.

अंत्ययात्रेला एसटीतली जुनी माणसं आली. भन्तेंनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. पुढचे दिवस माणसांनी भरलेले होते आणि उन्नतीला रडायला सवड झाली नाही. येणाऱ्या प्रत्येकाला चहा साखरेचा की बिनसाखरेचा, हे तीच विचारत होती. स्वानंदने मोबाइलवर हात जोडल्याचं चित्र पाठवलं, खाली लिहिलं होतं, 'तुमच्या वडिलांच्या आत्म्यास सद्गती लाभो.' कवडूजी बुद्धविहारात आयुष्यभर सांगत आले होते की आत्मा वगैरे काही नसतो. ते असते तर म्हणाले असते, असलाच तर जाईन बाप्पा, कोणत्या फलाटावरून ते सांग. उन्नतीने उत्तरात 'धन्यवाद' लिहिलं.

वडील कोण होते, काय करत होते, हे स्वानंदने विचारलं नाही. ते तिनेही सांगितलं नाही. सांगायचं कसं, हाच प्रश्न होता. माझे वडील गेले, हे ऑफिसला माहीत होतं. पण तांडेल काका गेले, हे सांगायचं तर ते आपल्याला कसं माहीत, हेही सांगावं लागणार. आणि ते सांगितलं की गोष्ट दारावरच्या नियमापाशी थांबली नसती. तांडेल इंदोऱ्याचा निघाला, हे मुंबईला कळलं की करार मोडला, आणि करार मोडला की सावरवेळच्या खांबांतून तो आवाज पुसला जाणार, कुठल्यातरी खऱ्या तांडेलचा भरला जाणार. घरात कवडूजींची एक खुर्ची होती, दोन चष्मे होते, एक फोटो होता. आवाज फक्त समुद्राकाठी होता.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून उन्नती कामावर परतली, तर ऑफिसात आकाश कोसळलं होतं.

तिच्या सुटीतच सावरवेळचं उद्घाटन झालं होतं. शासनातले एक मोठे अधिकारी आले होते, सोबत ज्येष्ठ नागरिकांचा एक संघ. सगळ्यांच्या कानांत बटणं. फीत कापून झाली, देवळाची कहाणी झाली, विहिरीची झाली. भाषणं लांबली, त्यामुळे काळ्या खडकाच्या खांबापाशी पोचायला दुपार कलली. खडक समोरच दिसत होता. फक्त वाळू दिसत नव्हती. स्वानंदने फोटो काढले तेव्हा ओहोटी होती. समुद्र आत गेला की पुन्हा बाहेर येतो, हे 'गावकान'मधल्या प्रत्येकाने शाळेत शिकलेलं होतं आणि त्यावर मार्कही मिळवलेले होते. पण नागपुरात ज्याला जिथे ठेवाल तिथे तो राहतो. फुटाळा तलाव संध्याकाळी उठून रस्त्यावर येत नाही.

कानांत आवाज म्हणाला, घाबरू नका. वाळूतून सरळ चालत या. मी इथंच उभा आहे.

आणि माणसं गेली. पाणी दिसत होतं, तरी गेली. एखाद्या नटाचा आवाज असता तर कुणी पाय भिजवला नसता, पण हा आवाज अर्ध्या चहावरून लोकांना उठवणारा होता. अधिकारी पुढे होते. पाणी घोट्याला लागलं तेव्हा ते थबकले, तर आवाजाने दुसऱ्यांदा सांगितलं, घाबरू नका. तेव्हा ते गुडघ्यापर्यंत गेले. ज्येष्ठ नागरिक एकमेकांचे हात धरून मागोमाग. शेवटी काठावरच्या कोळणींनी आरडाओरडा करून सगळ्यांना बाहेर काढलं. कुणाला काही झालं नाही, साहेबांचा एक बूट मात्र समुद्राने ठेवून घेतला. त्याची चित्रफीत महाराष्ट्रभर फिरली. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'शासन बुडत नाही, फक्त भिजतं.'

ऑफिसात सगळे ती चित्रफीत पाहून हसत होते आणि काळजीही करत होते. उन्नतीने ती एकदाच पाहिली. माणसं एका रांगेत पाण्यात शिरताना तिला दिसली आणि तिने मोबाइल उलटा ठेवला. त्यांना पाठवणारं वाक्य तिचं होतं. पण लोक ज्याच्या भरवशावर गेले, तो ती नव्हती.

"एकच वाक्य टाकायचंय ताई," स्वानंद म्हणाला. "'भरतीच्या वेळी इथं येऊ नका.' बास. हिमानी मॅडमनी सांगितलं, आवाज तोच पाहिजे, लोकांना म्हातारा आवडून राहिला. काकांना बोलावून घ्या."

"ते येणार नाहीत," उन्नती म्हणाली.

"काहून? गावाला गेले का?"

उन्नतीने पर्स मांडीवर ओढून घेतली.

"मी लावतो थांबा. मी बोललो की येतात ते."

त्याने नंबर लावला. उन्नतीच्या पर्समध्ये कवडूजींचा मोबाइल थरथरू लागला. सांत्वनाचे फोन अजून त्यावर येत, म्हणून ती तो जवळ बाळगत होती. आवाज तिने मेट्रोतच बंद केला होता, थरथर राहून गेली होती. पर्समध्ये स्टीलचा डबा होता. मोबाइल डब्याला लागून कुरकुरू लागला.

"कूलरचं काहीतरी ढिलं झालं बहुतेक," पियुष म्हणाला आणि कूलरच्या पाठीवर दोन थापा मारून आला. योगायोगाने तेवढ्यात स्वानंदने फोन ठेवला आणि कुरकुर थांबली. पियुषला आपल्या हाताचं कौतुक वाटलं.

"उचलून नाही राहिला," स्वानंद म्हणाला. "बघा, हे असं असतं. फेमस झाला की म्हातारासुद्धा भाव खातो."

उन्नती उठली आणि पाणी प्यायला गेली. नळाखाली पेला भरून वाहत राहिला, तरी तिचं लक्ष नव्हतं.

संध्याकाळपर्यंत स्वानंदने काकांविना तोडगा काढला. काकांचं एवढं बोलणं आपल्याकडे आहे, त्यावरून कॉम्प्युटर हवं ते बोलून दाखवतो, हे त्याला माहीत होतं. पियुषने काकांचं आतापर्यंतचं सगळं रेकॉर्डिंग त्यात घातलं आणि वाक्य टाइप केलं. मग सगळ्यांना गाद्यांच्या खोलीत बोलावलं.

"भरतीच्या वेळी इथं येऊ नका," कवडूजी म्हणाले.

आवाज त्यांचाच होता. घसा तोच, 'भरती'तल्या र वरचा जोर तोच. फक्त त्या माणसाला श्वास लागत नव्हता. वाक्य संपलं आणि पुढे काही आलं नाही.

"काय भारी झालं," मयुरा म्हणाली. "आता काका आले नाही आले, सारखंच. अजून काय वदवून घ्यायचं असेल तर सांगा, पियुष टाइप करेल."

"काहीही?" उन्नतीने विचारलं.

"काहीही ताई. लाडाने बोलायला लावू का? 'मॅडम, जेवल्या का?'" पियुष हसत म्हणाला आणि त्याची बोटं टाइप करू लागलीसुद्धा.

"नको," उन्नती म्हणाली. इतकं हळू, की पियुषने हात उचलून घेतले आणि तिच्याकडे पाहिलं.

वाक्याचं काम झालं, पण समुद्र एकदा उचललेली गोष्ट लवकर खाली ठेवत नाही. बूट गमावूनही साहेबांना तो आवाज फार आवडला होता. की बूट गमावला म्हणूनच, कोण जाणे. त्यांनी ठरवलं की असा वारसा जपणाऱ्या धर्मा तांडेल यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. हिमानी मॅडमनी सावरवेळच्या सरपंचांना फोन केला. आता, सावरवेळमध्ये धर्मा तांडेल नावाचा माणूस कधी झालाच नव्हता. पहिल्या दिवशी सरपंचांनी तसं सांगितलंही. दुसऱ्या दिवशी सत्काराची बातमी वाडीत पसरली आणि तिसऱ्या दिवसापासून धर्मा तांडेल आठवू लागले. एका घरात ते थोरले चुलते निघाले. दुसऱ्या घरात ते आईचे मामा होते आणि लहानपणी त्यांनीच पोहायला शिकवलं होतं. तिसऱ्या घराने सांगितलं की धर्मा तांडेल आमचेच, पण तरुणपणी भांडून मुंबईला गेले होते, त्यामुळे बाकीच्या गावाने त्यांच्यावर हक्क सांगू नये. देवळाच्या पायरीवर यावरून शिवीगाळ झाली. मासे एकमेकांकडून घेणं बंद झालं.

"वारसा असा जिवंत होतो," हिमानी मॅडमनी मेलमध्ये लिहिलं. स्वानंदने ते वाक्य छापून भिंतीवर लावलं.

सगळं एकदा मिटवावं म्हणून व्हिडिओ कॉल ठरला. 'गावकान'च्या बैठकीच्या खोलीत मोठ्या पडद्यापुढे स्वानंद, मयुरा, पियुष आणि कडेला उन्नती. पडद्याच्या एका चौकोनात हिमानी मॅडम, दुसऱ्यात सावरवेळच्या ग्रामपंचायतीचं टेबल, त्यामागे सरपंच आणि दारापर्यंत दाटलेली वाडी.

कॉल सुरू व्हायच्या आधी स्वानंदने बजावलं. "कुणी काही बोलायचं नाही. काका आपले फ्रीलान्सर होते, संपर्क तुटला, एवढंच. गावाने ज्याला तांडेल म्हटलं तो तांडेल. आपलं काय जाते?"

उन्नतीने मान हलवली. तिचंही त्यात काही जात नव्हतं. उलट आवाज राहणार होता. रात्री तिने तसा विचार करून ठेवला होता. लोक तिथे येतील, काठावर उभे राहतील, कानांत बाबा बोलतील. नाव धर्माचं असो नाहीतर आणखी कुणाचं. नावाने काय होतं, असं तिने स्वतःला समजावलं होतं आणि ते तिला पटलंही होतं.

"नमस्कार मंडळी," सरपंच म्हणाले. "वाद मिटला आमचा. सगळ्यांनी बसून ठरवलं. धर्मा तांडेल म्हणजे आमचे वडील."

मागून कुणीतरी "काल तर मामा होते" म्हणालं. त्याला गप्प करण्यात आलं.

"अरे वा," हिमानी मॅडम म्हणाल्या. "ते आहेत का तिथे? आम्हाला भेटायला आवडेल."

"ते आता नाहीत," सरपंच म्हणाले आणि त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. "गेल्या वर्षी गेले. आवाज तेवढा मागे ठेवून गेले बघा."

गेल्या वर्षी गेलेल्या माणसाने यंदाच्या उन्हाळ्यात ध्वनिमुद्रण कसं दिलं, हा प्रश्न कुणाला पडला नाही. मयुराने हात जोडले, म्हणून पियुषनेही जोडले. सरपंचांनी टेबलाखालून एक फोटो काढून कॅमेऱ्यासमोर धरला. कोळ्याची लाल टोपी घातलेला, रुंद जबड्याचा, भरघोस मिश्यांचा एक गृहस्थ. फोटोला ताज्या अबोलीचा हार होता.

"त्यांना आदरांजली म्हणून त्यांच्याच आवाजातला एक तुकडा ऐकू या का?" हिमानी मॅडम म्हणाल्या. "आणि सत्काराच्या दिवशीही हा फोटो आणि हा आवाज, असंच ठेवू. खूप सुंदर होईल."

स्वानंदने पियुषला खूण केली. पियुषने हाताला आला तो तुकडा लावला. वारा सुटला. पडद्यावर मिश्यावाला माणूस हारातून पाहत होता आणि खोलीभर कवडूजी बोलत होते, काय गार वारा सुटलाय बघा. मधे कुठेतरी, पियुषच्या हातून कापायचा राहून गेलेला, त्यांच्या घोटाचा लहानसा आवाज होता. त्या दिवशी मागून घेतलेल्या पाण्याचा. ग्रामपंचायतीत बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सरपंच हुंदका देऊन म्हणाले, "बाबा असंच बोलायचे. अगदी असंच."

"बंद कर," उन्नती म्हणाली.

पियुषने तिच्याकडे पाहिलं आणि वारा थांबवला.

स्वानंदने टेबलाखालून तिच्या खुर्चीला पाय लावला. मग पडद्याकडे हसून म्हणाला, "नेटवर्क, मॅडम. नेटवर्कचा थोडा प्रॉब्लेम होऊन राहिला."

"नेटवर्क ठीक आहे," उन्नती म्हणाली.

"कोण बोलतंय?" हिमानी मॅडमनी विचारलं. "मला दिसत नाही. जरा पुढे या ना."

उन्नती उठून पडद्यासमोर आली. लहानशा चौकोनात तिला स्वतःचा चेहरा दिसला, शेजारच्या चौकोनात हार घातलेला तो माणूस. त्याच्याबद्दल तिला राग आला नाही. तोही कुणाचा तरी होताच.

"ताई," मागून स्वानंद दबक्या आवाजात म्हणाला, "सगळं रेकॉर्डिंग जाईल. सगळं. विचार करा."

तिने विचार केला होता. तो रात्रीच करून झाला होता आणि पूर्णपणे पटलाही होता. आता तो तिच्या काही कामाचा नव्हता.

"तुमचं काही म्हणणं आहे का या फोटोबद्दल?" हिमानी मॅडमनी विचारलं.

"फोटो त्यांच्या वडिलांचा आहे," उन्नती म्हणाली. "आवाज माझ्या वडिलांचा आहे. कवडूजी गजभिये त्यांचं नाव. इंदोऱ्याला राहायचे, एसटीत होते. मागच्या महिन्यात गेले ते. मी त्यांना या खोलीत रोज काका म्हणत होते. ते माझे बाबा आहेत."